मैंदर्गीच्या अंगणात बोललेलं खोटं

उस्ताद, तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. वयानं मी आता तुमच्या पुढं गेलोय. फौजेतून निवृत्त झाल्यावर सोलापुरात एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन बसतो. माजी सैनिक म्हणून लोक अदबीनं बोलतात, तेव्हा मान वर करावीशी वाटत नाही.

आपल्या सेक्शनच्या दहा जणांत सोलापूर जिल्ह्यातले तिघं. तुम्ही मैंदर्गीचे हवालदार, मी शहरातला, आणि वैरागचा तो अबोल गडी. लढाईच्या दिवसांत त्या डोंगरावर स्टोव्हवर बर्फ वितळवून मगभर पाणी व्हायचं. तेवढंच सगळ्यांत फिरायचं, तुम्ही शेवटी प्यायचात. एकदा माझे ओले मोजे बघून तुम्ही भडकलात. "पाय सडला तर तुज्या आईला काय सांगू रं मी?" असं म्हणत शर्टाच्या आत, पोटाशी धरून वाळवलेले स्वतःचे मोजे माझ्याकडं टाकलेत. ते ऊबदार होते. मी ते निमूट घातले. तुम्ही काय घातलंत, ते विचारलंही नाही.

ती सकाळ धुक्याची. आपण चढण चढतोय, वरून गोळीबार सुरू होतो आणि तुम्ही पडता. मांडीत लागलंय. मी पंधरा पावलांवर एका दगडाआड आहे आणि दगड सोडत नाही. वैरागकर मागून येतो, माझ्या पायांवरून सरपटत पुढं जातो. तुमच्या पट्ट्यावर पकड बसेना म्हणून हातमोजे काढतो आणि तुम्हाला ओढत आडोशाला आणतो. गारठ्यानं त्याची दोन बोटं गेली. मी स्ट्रेचरला हात लावला तो त्यानंतर, धोका टळल्यावर. खाली पोचायच्या आत तुम्ही गेलात.

तो दवाखान्यात होता, म्हणून तुमच्यासोबत मला गावी पाठवलं. अंगणात माणूस मावत नव्हतं. वहिनींनी विचारलं, "भावजी, कुनी आनलं वो त्यास्नी खाली?" मी म्हणालो, "मी." स्ट्रेचर मीही धरलंच होतं की, अशी स्वतःची समजूत नंतर घातली. तेव्हा मात्र मला नीट कळत होतं, त्या काय विचारतायत ते. त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले. पुढं दरवर्षी तुमच्या स्मृतिदिनाला मला बोलावणं येत राहिलं. मी जात राहिलो, शाल घेत राहिलो, आणि गोष्ट दरवर्षी थोडी वाढत गेली.

एका वर्षी वैरागकर न सांगता आला आणि मांडवात पुढंच बसला. मी त्याच्यासमोर त्याचं काम माझं म्हणून सांगितलं, कारण मध्येच थांबायची हिंमत नव्हती. नंतर चहा घेताना तो एवढंच बोलला, "दगड डाव्या हाताला व्हता. तू उजवा म्हनलास." मग चहा संपवून एसटी गाठायला निघाला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात तो वारला. मातीला गेलो, तेव्हा त्याच्या मुलानं मला वाकून नमस्कार केला. "आबा सांगायचे, तुमच्यासारखा माणूस न्हाय." तिथून मी घरी गेलो नाही, थेट मैंदर्गीला गेलो. वहिनींना सगळं सांगितलं. मी भ्यालो, तुम्हाला त्यानं आणलं, मी नाही.

त्या बराच वेळ ज्वारी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला एकदा जेवू घालायचं तरी ऱ्हायलं की वो." माझ्याबद्दल अक्षरही नाही. मी उठलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "पडल्यावर ह्ये काय बोलले व्हते का?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. शुद्ध नव्हती."

हा कागद त्यांच्या हाती द्यायचा म्हणून लिहायला बसलो होतो, पण तो माझ्याकडंच राहील. तुम्ही शुद्धीवर होतात, उस्ताद. मला नावानं हाक मारून म्हणालात, "ये की रं." दोनदा म्हणालात. आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, "आलो."