नैऋत्येकडची रेघ

मास्तर, तुम्ही गेलात त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. मी कुंभारीत राहतो, गवंडीकाम करतो, सकाळी मारुतीच्या पाया पडून कामावर जातो. तुमच्याकडे सातवीपर्यंत शिकलो, त्यावर एवढं लिहिता येतं. एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, ती सांगायची आहे.

शाळेच्या अंगणात काठी रोवून तुम्ही आम्हाला सावलीवरून दिशा काढायला शिकवत होतात. मी एकदा न मोजताच, बाकीच्यांचं ऐकून उत्तर दिलं. तुम्ही एवढंच विचारलंत, “तू पाहिलंस का?” आणि शाळा सुटेपर्यंत त्या काठीपाशी उभं केलंत. तेव्हापासून डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी काही खरं धरत नाही. लोक मला संशयी म्हणतात आणि मला ते आवडतं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकातल्या एका खेड्यात काम निघालं. शाळेत सरकारी टेलिव्हिजन बसणार होता. अमेरिकेचा उपग्रह आपल्याला वर्षभरासाठी मिळाला होता, आणि त्याची चित्रं धरायला अंगणात तारेच्या जाळीची भली मोठी परात उभी करायची होती. तिच्याखालचा काँक्रीटचा ओटा आणि त्यातले चार बोल्ट माझ्याकडे. शाळेचा शिपाई जाळी बघून म्हणाला, “मिस्त्री, कोंबड्या कवा सोडायच्या यात?” सगळे हसले, मीही हसलो.

इंजिनियर पुण्याकडचे, माझ्याहून बरेच लहान, पण मला अहो-जाहो करत. त्यांनी होकायंत्र ठेवून जमिनीवर चुन्याची रेघ मारली. मावळतीपासून नैऋत्येकडे कललेली. बोल्ट रेघेवर आले की परातीचं तोंड आपोआप ठरतं, म्हणाले. उपग्रह अजून जागेवर आलेला नाही, अमेरिकेवरून हळूहळू सरकवत आणतायत, असंही म्हणाले.

“म्हंजे तितं आत्ता काय न्हाय?” मी विचारलं.

“आत्ता नाही.”

“मग रेघ कशावर मारली?”

तो येऊन थांबेल तिथली, पृथ्वीबरोबर फिरेल म्हणून आपल्याला एका जागी टांगल्यासारखा राहील, असं त्यांनी न चिडता समजावलं. मग ते पुढच्या गावाला गेले.

मी रेघेपाशी बसून राहिलो. ही माणसं आपल्याला वेड्यात काढतायत असं सारखं वाटत होतं. शिवाय आमच्या धंद्यात नैऋत्येला कशाचं तोंड करत नाहीत, ती राक्षसाची दिशा. देवाचं नाव घेतलं आणि बोल्ट सरळ मावळतीला धरले. रेघ काँक्रीटखाली गेली.

टेलिव्हिजन लावायच्या दिवशी इंजिनियर परत आले, सगळं गाव जमलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. जीपमधून मोठे साहेब आले. त्यांनी होकायंत्र लावलं आणि गावासमोर इंजिनियरांना म्हणाले, “दिशा बघता येत नाही, आणि म्हणे इंजिनियर.” माणसं हसली. इंजिनियर माझ्याकडे वळले.

“मिस्त्री, बोल्ट माझ्या रेघेवरच धरले होते ना?”

“व्हय साहेब. तुमच्याच रेघेवर.”

“मग चूक माझीच,” ते म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी त्यांच्या जागी असतो, तर ओटा फोडून खालची रेघ पाहिली असती. दुसऱ्या दिवशी तो ओटा मीच फोडला, आणि चुन्याचा डाग दिसला तो तुकडा आधी हातोड्याने कुटून घेतला. नव्या ओट्यावर परात बसली तशी कांद्याच्या वाफ्यात उभी राहून कानडीत बोलणारी बाई दिसायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभा राहून नैऋत्येकडे बघत होतो. तिथे काहीच दिसत नव्हतं.

इंजिनियरांना त्या कामावरून काढून दुसरीकडे पाठवलं. जाताना त्यांनी मला पत्ता लिहून दिला. घर बांधायचं झालं तर तुम्हालाच बोलावीन, म्हणाले.

वर्ष संपल्यावर उपग्रह पुन्हा सरकवून नेला, असं ऐकलं. ते मी न पाहताच मानलं. नैऋत्येचं निमित्त होतं, मास्तर. वयाने लहान माणूस मला समजावतोय, हेच मला सोसलं नव्हतं.

आज कागद काढला तो त्यांना लिहायला. ‘साहेब’ लिहिलं आणि पुढे हात चालेना. दुसरा कागद घेऊन तुम्हाला लिहायला लागलो, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही.