अर्ध्यावर राहिलेलं पिल्लू

ता. ३ जुलै

चि. खारूताईस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कठडा धरते का? जावईबापूंचा खोकला थांबला का? धाकटीचे दात पडायला लागलेत म्हणे. तिला सांग, मामाआजोबांचेही पडताहेत. बघू कोण पुढे जातं. मामी मला ओरडते आहे, म्हणजे ठणठणीत आहे. मला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून हा कागद. तीस वर्षं शाळेचा प्रोजेक्टर कानाशी खडखडला, त्याची ही बक्षिसी.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बावीस तारखेला समितीपुढे पाठ घ्यायचा, त्यावर तुझी नोकरी कायम व्हायची, आणि तू अंड्यातून पिल्लू निघण्याचा व्हिडिओ लावून बघायला जातेस तर पडद्यावर शाळेच्या इंटरनेटची लाल पाटी: ही साइट बंद आहे! पोरं खिदळली आणि तू रडकुंडीला आलीस. रागावू नकोस, पण मला हसू आलं. मी तुझ्या याच शाळेत फिल्मचे डबे उघडायचो तेव्हा लाल पाटी नव्हती, मोठे सर होते. त्यांनी आधी स्वतः पाहिल्याशिवाय डासांवरची फिल्मसुद्धा वर्गात जात नसे.

कंप्यूटरच्या सरांनी सुचवलेली, पाटी चुकवायची ती मागच्या दाराची युक्ती मात्र करू नकोस. मी चोरून एक उद्योग करायचो, त्यापायी सगळ्या शाळेचा पडदा वर्षभर कोरा राहिला. ते पुन्हा कधीतरी. तू व्हिडिओ घरीच उतरवून घे आणि मुख्याध्यापिकाबाईंना आधी एकट्यांना दाखव. अर्जबिर्ज करत बसू नकोस, सरळ पिल्लूच दाखव. मोठे सर पोरांच्या बाकावर बसले की निम्मे विरघळायचे.

तुझा,
मामा

ता. २४ जुलै

ती. मामांस खारूताईचा सा. नमस्कार. वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे, पण कठडा सुटलेला नाही. यांचा खोकला गेला. धाकटीचे दोन दात पडले, तेव्हा तुम्ही मागे आहात.

तुमचं ऐकलं, पण अर्धंच. आधी अर्ज केला. तो तीन सह्यांसाठी तीन टेबलं फिरला आणि 'प्रयोजन स्पष्ट करावे' असा शेरा घेऊन परत आला. मग बाईंना गाठलं. आज पिल्लू दाखवाल, उद्या पोरं गाणी मागतील, म्हणाल्या. मी पाचच मिनिटं मागितली. प्रयोगशाळेचे पडदे ओढले, लॅपटॉप लावला. बाई हाताची घडी घालून उभ्याच. कवचाला तडा गेला तशा पुढच्या बाकावर टेकल्या. पिल्लू अर्धं बाहेर आलं आणि माझी पाच मिनिटं संपली. मी बंद करायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. खबरदार थांबवलंस तर, म्हणाल्या. एरवी मला 'अहो मॅडम' म्हणतात त्या!

पिल्लू पायांवर उभं राहिलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सांगितलं की त्याही याच शाळेच्या. चौथीत असताना असंच पिल्लू पडद्यावर पाहिलं होतं. ते अर्धं बाहेर आलं आणि अंधार झाला. ते सुटलं की अडकलं, हे कुणीच सांगितलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी सहीचा कागद काढला: शिक्षकांनी घरी पाहून निवडलेले व्हिडिओ वर्गात दाखवावेत. लाल पाटी आहे तिथेच आहे. परवा पाठ झाला, बाई मागच्या बाकावर मुलांत बसल्या होत्या. आज नेमणुकीचं पत्र हातात पडलं. मी कायम झाले, मामा!

पण तेव्हा मशीनपाशी तुम्हीच असणार ना? मी त्यांना काही बोलले नाही. काय झालं होतं?

तुमची,
खारूताई

ता. २९ जुलै

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती डोळे पुसत म्हणाली की आता तरी खरं सांगून टाका.

फिल्म संपली की ती दिवा मालवून उलटी गुंडाळायची, असा नियम. मी दिवा चालूच ठेवायचो. पडद्यावर सगळं उलटं धावायचं, पिल्लू आत शिरायचं, कवच मिटायचं, आणि पोरं बाकं बडवायची. तो आरडाओरडा ऐकायला मी दर वेळी नियम मोडायचो. त्या दिवशी पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची एक मुलगी मुसमुसायला लागली. पिल्लू कायमचं कोंडलं असं तिला वाटलं. मला राहवेना. तिच्यासाठी फिल्म पुन्हा सुलटी लावली. दिवा आधीच तापलेला. पिल्लू अर्ध्यावर आलं आणि तो फटकन फुटला. मोठ्या सरांना मी सांगितलं, आपोआप गेला. नवा दिवा यायला वर्ष लागलं, तोवर फिल्मचा तो डबा जिथून आणला तिथे परत गेला होता. चाळीसवर वर्षं झाली, ती मुलगी माझ्या मनात तशीच अंधारात बसलेली आहे.

बाईंना सगळं सांग, माझ्या खोटेपणासकट. म्हणावं, दिवा फुटला होता, पिल्लाला काही झालं नव्हतं. आणि दोन वेण्यांची ती त्याच का, तेवढं विचार. माया आहे तशी राहू दे. उत्तराला उशीर लावू नकोस. मी रोज फाटकापाशी पोस्टमनची वाट बघतो आहे.

तुझा,
मामा