वरून ओतलेलं पाणी

तंजावूर, सोमवार

ती. आईस तुझ्या शांभवीचा नमस्कार.

पोट ठीक आहे. मध्ये जरा बिघडलं होतं, पण ते मसालेदार रस्स्यामुळे, पाण्यामुळे नाही. मी राहते त्या घरच्या चंद्रमतीकाकू जिरं घालून पाणी उकळतात. दुपारी सगळं घर त्याच वासात पेंगत असतं.

तू बजावलंस म्हणून मी दर वेळी पेल्याची कड रुमालाने पुसायचे आणि मगच तोंड लावायचे. थोड्याच दिवसांत काकूंनी माझा पेला वेगळा ठेवला. पाहुणीचा मान समजून मी सुखावले. मग लक्षात आलं, इथे पेल्याला कुणी ओठच लावत नाही, पाणी वरून तोंडात ओततात. पेला उष्टा करणारी मी एकटीच होते.

आता शिकतेय. मान मागे टाकली की चौकातलं आभाळ दिसतं, आणि पाणी तिथूनच उतरतंय असं वाटतं. निम्मं गळ्यावर सांडतं. काकू म्हणतात, "सावकाश, बाळ. पाणी कुठे पळून जात नाही."

तुझा ताप गेला का? एकटीसाठी तू पाणी उकळत नसशील, ठाऊक आहे मला. उकळत जा.

आज सकाळी माझा पेला घरातल्या पेल्यांबरोबर पालथा घातलेला दिसला.

तुझीच,
शांभवी