तिसरे वळण कोणाचे

बारामती,
२६ सप्टेंबर २०२४

चि. रणजित यास अ. उ. आ.

हकीकत घडली त्याच क्रमाने लिहिते, कारण आपल्या घरी ती नेहमी शेवटाकडून सांगितली जाते.

प्रथम, मंगळवारी जिल्हा शालेय स्पर्धेत चार बाय शंभरच्या रिलेत माझ्या शाळेच्या मुली धावल्या. दुसऱ्या टप्प्यावर तुझी निकिता होती, तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे वळणावर, माझी श्रेया. रिलेत पहिली व तिसरी धावपटू बॅटन उजव्या हातात धरते, दुसरी व चौथी डाव्या. म्हणजे देणारी घेणारीच्या टाचांवर पाय देत नाही. त्यानंतर, निकिताने बॅटन डाव्या हातात घेतली, डाव्या हातातच आणली आणि द्यायच्या क्षणी ती उजव्या हातात घेतली. श्रेयाचा हात मागे पसरलेला होता; तो वाऱ्याशी हस्तांदोलन करत राहिला. बॅटन तिच्या हाती आली ती ठरलेल्या पट्ट्याच्या अगदी शेवटच्या रेघेवर. सरतेशेवटी, आपल्यापुढच्या संघाने स्वतःची बॅटन पाडली, म्हणून आपण पहिले आलो आणि विभागीय स्पर्धेस पात्र ठरलो. याला विजय म्हणायचे, तर शेजाऱ्याची म्हैस चुकून आपल्या गोठ्यात शिरली की त्याला दुग्धव्यवसाय म्हणावे.

यावर मी निकिताला एवढेच म्हणाले की, आपल्याला हात दोन आहेत हे ज्यांना दहावीत समजते त्यांनी रिलेऐवजी लांब उडीकडे वळावे. हे विधान मला आजही मवाळ वाटते. तिने मात्र माझ्या घरातून बॅग उचलली आणि इंदापूरच्या गाडीत बसून कळसचे घर गाठले.

तिचा हात का बदलतो, याचे कारण लेखी कळव. सोमवारी, सात तारखेला संघाची यादी पाठवायची आहे. तोवर ती आली नाही तर राखीव मुलीला घेईन. ती मुलगी धावते छान, फक्त सावकाश. फोन करू नकोस. सावळारामचा टेम्पो डाळिंबे घेऊन इकडे येतो, त्याच्याकडे पत्र दे.

लोभ आहेच, तो पात्रता पाहून करायचा नसतो, हे तुझे सुदैव.

तुझी,
डॉ. वृषाली (अक्का)


कळस,
२९ सप्टेंबर

तीर्थरूप डॉक्टर अक्कास रणजितचा सा. न. वि. वि.

सख्ख्या भावाला सही करतानाबी डॉक्टर लावतीस, म्हणून मी पण लावलं. उद्या गाईला ताप आला तर तुलाच बोलवीन म्हणतो.

हितं सगळी खुशाल हायेत. डाळिंबावर तेल्या आलाय आणि निकीनं अबोला धरलाय. दोन्हीवर औषध चालंना.

कारण इचारलंस, ते आईनं काढलं. आईनं तिला जवळ घिऊन इचारलं, तर निकी म्हणाली की तिला कळतबी न्हाय, हात आपसूक बदलतो. हे ऐकून आईनंच कबूल केलं, ही खोड तिनंच लावली. तुझ्या ध्यानात हाय का, आपल्या घरात डाव्या हातानं काय दिलं तर आई घ्यायचीच न्हाय. हात बदलीस्तोवर पाण्याचा तांब्या धरून उभं ऱ्हायचं. तू डावरी आणि वर हट्टी, तुझ्यापुढं तिचं काय चाललं न्हाय. म्हणून सगळी कसर तिनं नातीवर काढली. मी परवा बागेत निकीच्या डाव्या हातात मोकळी बाटली दिली आणि माझ्याकडं पळत यायला लावलं. माझ्यापाशी पोचली तवर बाटली उजव्या हातात. मला हसू आलं आणि ती रडली.

तुझं ते मवाळ विधान तिनं मला शब्दन्शब्द म्हणून दाखवलं. शाळेतलं दुसरं काय एवढं पाठ झालेलं न्हाय. आता ती पळणारच न्हाय म्हणती. तू एकदा तिची माफी माग. भाचीपुढं वाकल्यानं पदवी सांडत न्हाय.

राग हातचा राखून माया मोकळ्या हातानं करावी, ही विनंती.

तुझा,
रणजित


बारामती,
१ ऑक्टोबर

चि. रणजित यास अ. उ. आ.

पत्र पोहोचले. माझ्या प्रबंधात हातांच्या सवयींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात आईचा तांब्या नाही, हे मान्य करते.

उजव्या हाताने बॅटन देता येते अशा जागा दोनच. चौथीला द्यायचीच नसते, पण तिथे संघातली सर्वांत वेगवान मुलगी आहे, ती हलवायची नाही. पहिल्या जागी बसून स्टार्ट घ्यावा लागतो. निकिता पिस्तुलाच्या आवाजाला आधी दचकते, मग धावते. उरली तिसरी. तिथे उजव्याने घ्यायचे आणि उजव्यानेच द्यायचे. ती जागा श्रेयाची आहे. दोन वर्षे ती त्या वळणावर घडली आहे. तिथे ती धावते तेव्हा मला दोष सापडत नाही, आणि मी शोधते. तेव्हा तो विषय संपला. मी मुलीची बाजू घेत नाही, वळणाची घेते.

माफीविषयी: चूक दाखवल्याबद्दल माफी मागायची, तर सर्व शिक्षकांनी राजीनामे द्यावेत. निकिताला शुक्रवारी पाठव. तिचा डावा हात मी सरळ करीन.

आईस नमस्कार. तुझ्यावर माया आहे, परंतु तिचा पुरावा मागू नये.

तुझी,
डॉ. वृषाली


कळस,
३ ऑक्टोबर

तीर्थरूप अक्कास सा. न. वि. वि.

निकीनं तुझं पत्र वाचलं. म्हणाली, श्रेयाताईचं वळण मला नको. आणि डाव्या हाताचं म्हणशील तर पुन्हा चुकली की ताईचा हात पुन्हा मोकळा ऱ्हाईल, ते तिला बघवणार न्हाय. पळायचे बूट तिनं शेजारच्या पोरीला द्यायला काढलेत. मी अडवलं न्हाय. तुझी ती सावकाश पोरगी घे.

लोभ तुझा तुझ्यापाशी, आमचा हाय तिथंच हाय.

रणजित


बारामती,
५ ऑक्टोबर

चि. निकितास आत्याचे अ. आ.

हे पत्र तुझ्या वडिलांच्या हाती पडले तरी ते तुझे आहे. त्यांना त्यावर विनोद करू देऊ नकोस.

काल श्रेयाने त्यांचे पत्र वाचले. मी तिला ते दिले नव्हते. दुसऱ्याची पत्रे वाचू नयेत, हे शिकवण्यात मी कमी पडले. वाचून ती म्हणाली की दुसऱ्या टप्प्यावर ती धावेल. मी नकार दिला. त्यावर तिने विचारले की, हे वळण मी संघासाठी राखते आहे की तिच्यासाठी. प्रश्न उद्धट होता. त्याची मांडणी निर्दोष होती.

आज सकाळी मी तिला दुसऱ्या टप्प्यावर धाववून पाहिले. सरळ रेषेत ती सामान्य आहे. वळणावरची धावपटू म्हणून तिचे जे नाव झाले असते, ते आता होणार नाही. हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. तरीही राखीव मुलीला घेण्यापेक्षा तुम्ही दोघी असलेला संघ वेगवान आहे. जागा तिने तुला दिली आहे. धावताना ती बॅटन डाव्या हाताने देईल, कारण तिथून तशीच द्यावी लागते. तू उजव्याने घ्यायची आणि मागे पाहायचे नाही.

मैदानावर मी जे बोलले ते तुला पाठ असल्याचे समजते. ते विसरावे. ही विनंती नाही. प्रशिक्षकाची सूचना आहे. बूट देऊन टाकले असल्यास परत मागून घ्यावेत. त्यात संकोच वाटला तर माझे नाव सांगावे. मी तशी माणूस आहे हे गावाला पटेल.

माझ्या मायेविषयी शंका असेल तर तीही लेखी विचारावी.

यादी सोमवारी जाईल. तिसऱ्या जागेपुढे मी अद्याप नाव घातलेले नाही. येते किंवा येत नाही, यांपैकी एक उत्तर पूर्ण वाक्यात, शाईने लिहून, खाली सही करून उद्या सावळारामबरोबर पाठव. 'बघू' हे उत्तर धरले जाणार नाही.

तुझी,
आत्या