ती मुलगी आली नव्हती

आई, गिरणीतल्या बाईचं नाटक मी या आठवड्यात पुन्हा पाहिलं. एकदा नाही, तीनदा. क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत मी ज्या ब्रिटिश टीव्ही नाट्यमालिकेवर पीएचडी करते आहे त्यातलाच तो एक भाग; मालिका तीच, पर्थपासून लांब आपल्या खाणीच्या गावातल्या, कालगुर्लीच्या लायब्ररीने जुन्या टेप काढून टाकल्या तेव्हा तू खोकं भरून आणलेली. दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं. तू असतीस तर म्हणाली असतीस, यात कसली पीएचडी, हे तर आपण दुसरीत केलं.

आणि केलंच होतं. बाबा खाणीत शिफ्टला, मला तू आठव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलंस. सकाळी गणित, आणि दुपारी ऊन फार झालं की पडदे ओढून ब्रिटन. तू कणीक मळता मळता इंग्रजी ऐकायचीस आणि मला मराठीत सांगायचीस. सुरुवातीच्या टेप काळ्यापांढऱ्या, चार घरांत मिळून एक नळ. मग उंच इमारती आल्या, मग बंद गिरण्या. "बघ, मागच्या टेपमधल्या बाईला नवऱ्याची सही लागत होती. ही स्वतः करते आहे," तू म्हणायचीस. आपल्याकडची माणसं कुठे दिसतात यावर माझी नजर असायची. आधी बसमध्ये मागे बसलेला एक मुका माणूस, पुढे एक डॉक्टर, आणि शेवटच्या काही टेपमध्ये एक अख्खं कुटुंब, त्यांच्या स्वतःच्या भांडणांसकट. बाबा घरी आले की बूट काढता काढता विचारायचे, "काय गं, इंग्लंड कुठवर आलं?" मी सांगायचे, "आज संप मिटला."

गिरणीतल्या बाईची मुलगी लंडनला टायपिस्ट होते आणि घरी यायची थांबते. बाई मरते. शेजारणी चहा करतात, मुलीसाठी दार उघडं ठेवतात, आणि नाटक संपतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तुला विचारलं, "आली का गं ती?" तू म्हणालीस, "नाही आली. येता आलं नसेल." मी रडले, तू माझं नाक पुसलंस, आणि आपण पाढे म्हटले.

त्याच वर्षी पुण्याला तुझी आई, माझी आजी, वारली. तू गेली नाहीस. का ते मी बाबांना अगदी अलीकडे, प्रबंधातल्या एका प्रकरणासाठी, फोनवर विचारलं. ते म्हणाले, "पर्थचं विमान भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशीचं मिळत होतं गं. ती म्हणाली, आता जाऊन काय करू, सगळं उरकलं असेल." मग म्हणाले, "मीही आग्रह केला नाही. ते लिहायचं असेल तर लिही."

काही आठवड्यांनी तू तीच टेप पुन्हा लावलीस. शेवट आला, दार दिसलं, आणि तू म्हणालीस, "बघ, आली. दारात उभी आहे." दारात ट्रे घेतलेली शेजारीण होती. मी म्हटलं, "आई, ही तर शेजारच्या घरातली." तू एकदम चिडलीस. "मध्ये बोलू नकोस. इंग्रजी मला येतं की तुला?" तू माझ्यावर इतक्या मोठ्यांदा कधी ओरडली नव्हतीस. मग कुकरची शिट्टी झाली आणि तू आत गेलीस.

दूरदेशी बसून ही नाटकं कोणी कशी पाहिली, यावर माझं एक प्रकरण आहे आणि त्यात आपण दोघी आहोत, नावाशिवाय. तुझा बदललेला शेवट सांगून मी लिहिलं, 'मुलीने आईचा शेवट खरा मानला.' गाइडबाईंना ते वाक्य फार आवडलं. शुक्रवारी प्रकरण द्यायचं आहे. काल मी त्यांना म्हटलं, ते वाक्य काढते, ते खरं नाही. त्या म्हणाल्या, "मग तुझ्या मुद्द्याचं काय? सगळं त्यावरच उभं आहे." तुला माहीत आहे, मी दार लावलं का ते परत जाऊन बघणारी मुलगी. पण या वेळी मी डगमगले नाही. मी म्हटलं, "मुद्दा राहतो. मुलीला खरं माहीत होतं आणि तरी ती गप्प बसली. तेही पाहणंच आहे." त्यांनी चष्मा काढला आणि त्या म्हणाल्या, "ऑलराइट. पण नीट मांड." नीट मांडेन. मला येतं ते. तूच शिकवलंस.

तुझ्याबद्दल लिहायचा मला हक्क आहे का, याचाही मी बराच विचार केला. आहे, असं वाटतं. तू खोटं बोललीस असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तू ज्या दारातून जाऊ शकली नाहीस त्यातून कोणालातरी आत आणलंस, एवढंच लिहिलं आहे.

एक गोष्ट मात्र प्रकरणात घालणार नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे सांगते. त्या दुपारी तू चिडून स्वयंपाकघरात गेल्यावर मी टेप मागे घेऊन शेवट पुन्हा पाहिला. शेजारीणच होती. तू हात पुसत बाहेर आलीस आणि काही न विचारता माझ्याकडे बघत उभी राहिलीस. मी म्हटलं, "हो गं आई, तीच आहे. मी आधी नीट पाहिलं नव्हतं."