बावीस जोड चपला

प्रिय यशवंत,

बस तपासणी नाक्यावर दोन तास उभी आहे. इथं लढाई चालू आहे, खाली उतरू देत नाहीत. तुला लिहायचं ते संगमनेरला पोचल्यावर, सावकाश, असं ठरवलं होतं. पण इथून पळायलाच जागा नाही, म्हणून लिहितो.

श्रीलंकेच्या या यात्रेत तुझ्या जागी मी आहे. नाव नोंदवलंस आणि दोन महिन्यांत गेलास! असला गलथानपणा तू प्रयोगशाळेत कधी केला नव्हतास. शांतावहिनी म्हणाल्या, त्यांची जागा रिकामी जायला नको, तुम्ही चला. त्यांना नाही म्हणणं तुलाच कधी जमलं नाही, मला काय जमणार?

सकाळी अनुराधपुरात खडकात कोरलेला एक प्राचीन विहार पाहिला. म्हणजे बाकीच्यांनी पाहिला. त्यांनी चपला काढल्या आणि मी सवयीनं म्हणालो, "व्हा पुढं, मी इथं बघतो." बावीस जोड. त्यांच्याशेजारी उन्हात बसलो.

हे वाक्य तुला पाठ आहे ना? तुझ्या लेकीच्या लग्नात, दर बुद्धपौर्णिमेला, आपल्या गावच्या विहाराच्या दारात मी हेच म्हणायचो. एकदाच तू म्हणालास, "आत ये की रे, संस्कृतच्या मास्तरा. वंदनेतली माझी पाली बाहेरूनच तपासणार का?" मी हसलो. तू परत बोलावलं नाहीस. का रे? आणखी एकदा हात धरून ओढायचं होतंस!

खरं सांगतो, आईच्या सोवळ्याची धास्ती होती. गल्लीतून कुणीतरी तिला सांगितलंच असतं. मग आई गेली, तरी मी दारातच. इतकी वर्षं बाहेर बसलेल्या माणसानं एक दिवस उठून आत कसं जायचं, हे मला कुठल्याच ग्रंथात सापडेना. तू गेल्यावर विहारात झालेल्या तुझ्या पुण्यानुमोदनालाही मी बाहेर होतो. त्या दिवशी चपला फार होत्या.

दुपारी मोठ्या स्तूपापाशी आलो. मी सावली शोधतोय तोच वहिनी थांबल्या. दारात एक म्हातारी फळ्यांवर चपला मांडत होती, हातात पत्र्याचे बिल्ले.

"भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "इथं चपलांना मानूस हाय. आता काय सांगाल?"

चपला काढल्या. बिल्ला घेतला. फरशी तव्यासारखी तापली होती. तुझा पंडित उड्या मारत आत गेला, हे बघायला तू हवा होतास. वहिनींनी हातात कमळ दिलं. मी सगळ्यांच्या मागे बसलो. पंचशील सुरू झालं. मला शब्दन् शब्द येत होता, बाहेरून किती वर्षं ऐकला! पण तुझ्याशिवाय म्हणायचं कसं?

सैनिक बसमध्ये चढलाय, कागद आवरतो. येत्या पौर्णिमेला मी आपल्या विहारात येईन, बोलावणं नसताना. चपला दारात टाकीन. गेल्या तर अनवाणी घरी जाईन, आणि गल्लीत कुणी विचारलं तर कुठून आलो तेही सांगेन.

तुझा, आजवर दारातला,
श्रीधर