सीरियातला लुप्त पंथ आणि वैशालीचा चहा

कोल्हापूर, गुरुवार, सायंकाळ

घडले ते क्रमाने लिहिते. इस्लामी कायद्याच्या आरंभीच्या पंथांवरील माझे प्रकरण मी माझी शेवटची पीएच.डी. विद्यार्थिनी वैशाली हिला वाचायला दिले होते. सीरियातला एक पंथ अंदलुसियापर्यंत, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम स्पेनपर्यंत, पोहोचला आणि पुढे लुप्त झाला. त्याचा तर्क दुबळा असावा, हा माझा निष्कर्ष. आज ती मुरगूडहून आली आणि म्हणाली, "मॅडम, तर्क चांगलाच हाय की! पुढं चालवणारं शिष्य ऱ्हायलं न्हाईत, एवढंच."

"उथळ विधान," मी म्हटले.

ती हसली. "व्हय. म्हणून तर गाइड बदलायचा अर्ज दिलाय."

चहा न घेताच गेली.

माझा तर्क दुबळा नाही. तिच्याआधीचे तिघे सोडून गेले, ते आळशी होते. निदान मी तसे मानले. शिष्य गेले म्हणून पंथ संपला, की पंथातच काही उणे होते म्हणून शिष्य गेले? निष्कर्षाचे वाक्य खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. तिच्या चहावर साय धरली आहे.

तिला आत्ताच कळवले: आक्षेप ससंदर्भ, लेखी द्यावा. त्या पंथाविषयी. आणि स्वतंत्र कागदावर, माझ्याविषयी.